दिवाणी दावा, तारीख आणि वकील : पक्षकारांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मी दिवाणी कामं चालवतो. शेत, बांध, घर, वाटणी, विसारपावती, उसने पैसे, बहुतेक कामं याच गोतावळ्यातली. पक्षकार पहिल्या भेटीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि रात्री साडेदहाला फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. माहिती सर्वसाधारण आहे. तुमचे कागद पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धाच असतो, माझाही.

माझ्यावर उघड उघड अन्याय झालाय. दावा लावू का?

आधी मला सांगा, दावा जिंकलात तर हातात नेमकं काय पडायला हवं? ताबा, पैसे, मोकळा रस्ता, की फक्त "त्याला कोर्टाची पायरी दाखवायचीय"? शेवटचं कारण असेल तर मी चहा पाजून परत पाठवतो. दोन वर्षांनी राग उतरलेला असतो आणि दावा पुराव्यालाही आलेला नसतो.

मग बघायचं की समोरच्याकडून काही निघण्यासारखं आहे का. ज्याच्या नावावर जमीन नाही, पगार नाही, खात्यात शिल्लक नाही, त्याच्याविरुद्ध पाच लाखांचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा आदेश, मिळवून तो फ्रेम करून लावता येतो, एवढंच.

आणि काम दिवाणी कोर्टाचं आहे का, हेही बघावं लागतं. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा आहे, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. बिल्डरने ताबा लांबवला तर रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण, किंवा ग्राहक आयोग. दिवाणी कोर्ट हा सगळ्यात मोठा दरवाजा आहे, पण जवळचा दरवाजा उघडा असताना तिकडे वळसा घालू नये.

पोलीस म्हणतात, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." टाळतात का?

कधी कधी टाळतात. पण व्यवहार फिसकटला, पैसे अडकले, बांध कोरला, यात बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं बरोबर असतं. फौजदारीचा धाक घालून वसुली करायला गेलात तर मुदत निघून जाते आणि दिवाणी हक्कही हातचा जातो.

मुदत म्हणजे किती?

मुदत कायदा, १९६३ मध्ये प्रत्येक कामाला वेगळी आहे. उसने पैसे, विसारपावतीवरून खरेदीखत करून मागणं : तीन वर्षं. मालकीच्या जोरावर ताबा मागणं : बारा वर्षं. कायदा धाब्यावर बसवून तुम्हाला ताब्यातून हुसकावलं असेल, तर मालकीत न शिरता निव्वळ ताबा परत मागण्याचा दावा, विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ : सहा महिने. हा शेवटचा उपाय लोक सर्रास घालवतात, कारण ते सहा महिने गावच्या पंचांपुढे बैठका घेण्यात जातात. बैठका जरूर घ्या, पण कॅलेंडर समोर ठेवून.

तीन वर्षं कधीपासून मोजायची, हा स्वतंत्र वाद असतो. "देतो, देतो" असं तोंडी आश्वासन मिळत राहिलं म्हणून मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली मिळाली किंवा काही रक्कम भरल्याची सहीची नोंद असली तर ती नव्याने सुरू होते.

वकिलाची नोटीस द्यावीच लागते का?

खासगी माणसाविरुद्ध साधारणपणे सक्ती नाही, पण द्यावी. निम्मे वाद नोटिशीच्या उत्तरात उघडे पडतात. समोरचा काय बचाव घेणार ते महिनाभर आधीच कळतं. शासनाविरुद्ध मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. फार निकड असेल तर कोर्टाच्या परवानगीने ती टाळता येते. सहकारी संस्थेच्या कामकाजाबद्दल दावा असेल तर सहकार कायद्याच्या कलम १६४ ची दोन महिन्यांची नोटीस. ही विसरली तर चांगला दावाही तिथेच अडकतो.

समोरचाच दावा लावून गुपचूप स्थगिती आणेल अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे "आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा अर्ज, लावून ठेवा. ते नव्वद दिवस टिकतं, मग पुन्हा लावावं लागतं.

खर्च किती?

तीन खिसे आहेत : कोर्ट फी, वकिलाची फी आणि किरकोळ. कोर्ट फी दाव्याच्या मूल्यांकनावर लागते. महाराष्ट्रात २०१८ पासून तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. मालमत्तेचा वाद, पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा कामांत स्त्री पक्षकाराला १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. बहिणींना हे कुणी सांगत नाही, आणि "वाटणी मागायला लाखभर लागतील" म्हणून त्या घरी बसतात.

वकिलाची फी आधी बोलून, शक्यतो लिहून ठरवा. "जिंकलो तर निम्मी जमीन तुमची" असा सौदा कुणी वकील करत असेल तर उठून या. निकालावर हिस्सा ठेवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. किरकोळ खर्चाचा मात्र लोक अंदाजच घेत नाहीत. नकला, टायपिंग, मोजणी फी, पाहणीसाठी कोर्टाने नेमलेल्या कमिशनरची फी, साक्षीदाराचा भत्ता आणि तुमचे बुडालेले रोज.

परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. तिथले सगळेच वकील नवखे असतात हा गैरसमज आहे.

दावा लिहायला वकील पंधरा दिवस का घेतो? दोन पानांचं तर काम आहे.

कारण दावा तिथेच जिंकला किंवा हरला जातो. हे मला प्रत्येक पक्षकाराला पटवून द्यावं लागतं, कारण त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो कोर्टात हात उंचावून बोलणारा वकील. दिवाणी कामात उभं राहून बोलणं थोडं, बसून वाचणं फार.

शेतीचा दावा असेल तर मी चालू सातबारा घेऊन थांबत नाही. जुने सातबारे, त्यामागचे फेरफार, आठ-अ, खरेदीखतं, असल्यास वाटपाचा कागद, मोजणीचा नकाशा, सगळं मागवतो. फेरफाराच्या नोंदी तारखेच्या क्रमाने लावल्या की घराण्याची गोष्ट आपोआप उभी राहते : आजोबा कधी गेले, वारस म्हणून कुणाची नावं लागली, कुणाचं नाव "वगळलं". मग वंशावळ काढायची. त्यात एक आत्या राहिली तरी "आवश्यक पक्षकार सामील नाही" असा मुद्दा उभा राहतो. मग चतुःसीमा. पूर्व-पश्चिम उलटी पडली तर पुढे हुकूमनामा मिळूनही बेलीफ ताबा कुठल्या तुकड्याचा देणार?

जे दाव्यात लिहिलं नाही, त्याचा पुरावा नंतर ऐकला जात नाही. दुरुस्ती अर्ज करता येतो, पण पुरावा सुरू झाल्यावर तो मंजूर होणं कठीण. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं सांगा, अडचणीचं असेल ते आधी.

"पाच नंबरचा अर्ज" म्हणजे काय?

दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईसाठी अर्ज असतो, त्याला आपल्याकडे निशाणी पाच पडते. निकाल लागेपर्यंत समोरच्याने जमीन विकू नये, बांधकाम करू नये, ताब्याला हरकत करू नये, असा आदेश त्यात मागायचा. न्यायाधीश तीन गोष्टी तपासतात : प्रथमदर्शनी काही दम आहे का, आदेश दिला किंवा नाकारला तर जास्त गैरसोय कुणाची, आणि होणारं नुकसान पैशाने भरून निघेल का.

पक्षकार या अर्जाच्या निकालालाच निकाल समजतात, पेढेसुद्धा वाटतात. अर्थात त्यात तथ्य आहे. मनाई मिळाली की समोरचा बोलणी करायला येतो. नाकारली की आपला माणूस गळाठतो. मनाई असताना कुणी मुद्दाम मोडली तर मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. पण "मोडली" हे सिद्ध करावं लागतं, म्हणून तारखेसकट फोटो काढा आणि भांडायला जाऊ नका.

दावा लागल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा. तिसऱ्याने मध्येच जमीन घेतली तर "मला माहीतच नव्हतं" ही पळवाट राहू नये.

मलाच समन्स आलंय. घेतलं नाही तर?

घ्या. नाकारलं तर बेलीफ दाराला चिकटवून जातो आणि कोर्ट ते बजावलं असंच धरतं. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, द्यायची. कारण दाखवून नव्वद दिवसांपर्यंत मुदत मिळते. साध्या दाव्यात त्यानंतरही, दंड भरून, कोर्ट कैफियत घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात म्हटलं. व्यापारी दाव्यात मात्र एकशे वीस दिवस म्हणजे एकशे वीस. एकशे एकविसाव्या दिवशी दार बंद.

एकतर्फा हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत. "गावाला होतो" हे कारण रोज ऐकून न्यायाधीशांना पाठ झालंय.

तारखा का पडतात? तुम्ही दोघं वकील मिळून तर पाडत नाही ना?

हा प्रश्न कुणी तोंडावर विचारतो, कुणी पाठीमागे. सरळ उत्तर देतो.

अकरा वाजता बोर्ड सुरू होतो. कनिष्ठ स्तराच्या एका कोर्टापुढे त्या दिवशीची कामं भिंतीवरच्या यादीत मावत नाहीत इतकी असतात, आणि तेच न्यायाधीश बहुधा फौजदारी कामंही बघतात. शिपाई पुकारा करतो. पहिल्या तासात बहुतेक कामं एका वाक्यात पुढे सरकतात : समन्स परत आलं नाही, म्हणणे दाखल, मुद्दे काढण्यासाठी ठेवले, पुरसिस (छोटं लेखी निवेदन) दिली, वारस लावायचे आहेत. प्रत्येक वाक्य रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारीखवार नोंदीत, चढतं. दुपारनंतर पुरावा. एक उलटतपास नीट चालला तर दोन तास जातात, म्हणजे दिवसभरात असे दोन, फार तर तीन. उरलेल्यांना पुढची तारीख. त्यात अटक केलेला आरोपी हजर केला की तेही थांबतं.

हे झालं प्रामाणिक कारण. अप्रामाणिकही आहेत. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला तारीख हवीच असते. तो आजारी पडतो, वकील बदलतो, कागद "सापडत नाही". एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं संहितेच्या आदेश १७ मध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पाहताच. आणि हो, असे वकीलही आहेत जे तयारी न करता येतात आणि मुदतीचा अर्ज टेकवतात. तुमच्या वकिलाने किती वेळा मुदत मागितली ते कळायला त्याच्याशी भांडायची गरज नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर (तुमच्या दाव्याचा ओळख क्रमांक) टाका, प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. हा नंबर पहिल्याच दिवशी वकिलाकडून मागून घ्या. देताना जो कुरकुरतो त्याच्याबद्दल थोडा विचार करा.

लांबण ही आजची गोष्ट नाही. लोकमान्य टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर, पण बाबा महाराजांच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून ताईमहाराज दत्तक प्रकरणात जे अडकले ते १९०१ पासून. मधे उच्च न्यायालयात विरुद्ध निकाल गेला. बाजूने शेवटचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, दिला तो १९१५ साली, आणि त्यातली बरीच वर्षं तर ते मंडालेत होते.

प्रत्येक तारखेला मी यायलाच हवं का?

नाही. वकीलपत्र त्यासाठीच दिलेलं असतं. पुरावा, तडजोड, कमिशनरची पाहणी आणि न्यायाधीशांनी बोलावलेला दिवस, एवढ्याला या. पण वकिलाला फोन करत राहा. वादी आणि त्याचा वकील दोघंही गैरहजर राहिले तर दावा "डिसमिस फॉर डिफॉल्ट" होतो, आणि तो पुन्हा उभा करायला तीसच दिवस मिळतात.

साक्ष म्हणजे पिंजऱ्यात उभं राहून सगळी कहाणी सांगायची ना?

कहाणी सांगायची वेळ येतच नाही. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने द्यायची साक्ष, आता शपथपत्रावर येतो. वकील तो लिहितो, तुम्ही वाचून सही करता. "वाचून" हा शब्द गंभीरपणे घ्या. पिंजऱ्यात जे होतं तो उलटतपास, आणि तो समोरच्या वकिलाचा असतो.

लोकांना वाटतं उलटतपास म्हणजे आवाज चढवून "तुम्ही खोटं बोलताय!" असं म्हणणं. एका दाव्यात प्रतिवादीचं म्हणणं होतं की वडिलांनी १९९६ साली साध्या कागदावर करार करून जमीन त्याला दिली. कागद जुनाट दिसत होता, घड्या पडलेल्या, कडा पिवळ्या. दोन साक्षीदारांच्या सह्या. आदल्या रात्री आम्ही त्यातली चतुःसीमा फेरफारांशी ताडून पाहत होतो. पूर्वेला ज्या शेतकऱ्याचं नाव लिहिलं होतं, त्याने ती शेजारची जमीन विकत घेतल्याचा फेरफार २००१ सालचा.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यातल्या काकांना विचारलं, कागद कुणी लिहिला? भाऊसाहेबांनी, माझ्यासमोर. एका बैठकीत? हो. नंतर काही वाढवलं? छे, एक अक्षर नाही. चतुःसीमा कुणी सांगितली? मीच. शेताच्या पूर्वेला कोण, तेव्हापासून तेच आहेत का? "आमच्या आठवणीत तेच," काका म्हणाले. एवढं झाल्यावर २००१ चा फेरफार पुढे केला, त्यांनी तो बघून मान्य केला आणि मी खाली बसलो. "मग कागद खोटा आहे ना?" हे विचारायचं नसतं. विचारलं तर साक्षीदाराला खुलासा करायची संधी आपणच देतो. तो खुलासा युक्तिवादात समोरच्या वकिलाला करू द्यावा, घाम त्याला फुटू द्यावा.

तुम्ही साक्षीदार असाल तर एवढंच : प्रश्न पूर्ण ऐका, विचारलं तेवढंच बोला, आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. मराठी जबानीत "असे म्हणणे खरे नाही की..." अशा वळणाची वाक्यं येतात, हो म्हणायचं की नाही, यात भलेभले गोंधळतात. न्यायाधीशांना प्रश्न पुन्हा सांगायला सांगा, ते रागावत नाहीत. आणि उत्तर देताना आपल्या वकिलाच्या तोंडाकडे बघू नका. सगळं कोर्ट ते बघत असतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज, रेकॉर्डिंग चालतं का?

चालतं, प्रमाणपत्रासह. मोबाइल पुढे करून "हे बघा साहेब" म्हणून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या प्रकरणात पक्कं केलं ते जालन्याच्या निवडणुकीचंच, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हे करायचं. मूळ मोबाइल जपून ठेवा, नवा घेतला म्हणून एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

वडिलोपार्जित जमिनीत बहिणीला हिस्सा आहे का? लग्न १९८० ला झालंय.

आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी, झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच स्वतःची दुरुस्ती केली होती, पण ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. म्हणून आमच्या कपाटात या फायलींची रांग दिसते.

भावांकडून तीन उत्तरं येतात. पहिलं, "वाटप आधीच झालंय." २० डिसेंबर २००४ पूर्वीचं, नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकमाचं असेल तर ठीक, तोंडी वाटप मात्र सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याशिवाय कोर्ट सहसा विचारात घेत नाही. दुसरं, "तिने तलाठ्यापुढे सही दिली." हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, महसुली नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. तिसरं उत्तर कायद्यात नाही, पण सगळ्यात जास्त चालतं : "मग माहेर तुटलं समज." त्यावर माझ्याकडे उपाय नाही. दावा लावण्याआधी बहिणीला मी हे एकदा स्पष्ट विचारतो, नवरा आणि मुलगा बाहेर बसलेले असताना. कधी कधी दावा तिला नकोच असतो, जावयाला हवा असतो.

वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा करतं : कुणाचा हिस्सा किती. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, म्हणजे पुढे तहसील आणि भूमी अभिलेख. मोजणी होते, सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस, बघून तुकडे पाडतात. विहीर कुणाकडे, रस्ता कुठून, आंब्याची झाडं कुणाच्या पट्टीत, खरं भांडण इथे पेटतं. घराचं वाटप कोर्ट कमिशनरमार्फत होऊन अंतिम हुकूमनामा होतो. प्राथमिक हुकूमनामा कपाटात ठेवून वीस वर्षं तशीच गेलेली घराणी आहेत. मधल्या काळात वारस वाढत जातात.

तडजोड केली तर कमीपणा नाही का?

नाही. लोकअदालतीतला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. फक्त तडजोडपत्रात "उभय पक्षांनी गुण्यागोविंदाने राहावे" असलं काही लिहू नका. कोणता गट, किती गुंठे, कुठल्या बाजूने, किती रक्कम, कुठल्या तारखेला, न दिल्यास काय, हे लिहा. आणि नकाशा जोडा. व्यापारी वादात तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीचीच आहे.

माझा वकील समोरच्या वकिलाबरोबर चहा पितो, हसतो. फुटला का?

आम्ही रोज त्याच बाररूममध्ये बसतो, एकमेकांचे डबे खातो, मुलांच्या लग्नाला जातो. आज तो तुमच्याविरुद्ध आहे, उद्या दुसऱ्या दाव्यात माझ्या बाजूला. समोरच्या वकिलाशी बोलणं बंद असलेला वकील पक्षकाराच्या काही कामाचा नसतो, कारण तडजोडीचा पहिला शब्द कोर्टात निघत नाही, चहावर निघतो. शंका घ्यायची असेल तर हसण्यावरून घेऊ नका. उलटतपासाला तो फाइल न वाचता उभा राहिला का, ते बघा.

वकील बदलायचा आहे, पण तो फाइल देत नाही.

फी बाकी आहे म्हणून फाइल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे सांगितलं आहे. फीसाठी त्याने वेगळा मार्ग धरावा. तुम्हीही मात्र ऐन युक्तिवादाच्या आदल्या दिवशी वकील बदलू नका. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. ग्राहक आयोगात वकिलावर सेवेतल्या कमतरतेची केस चालणार नाही, हे मे २०२४ मध्ये ठरलं.

निकाल लागला, जिंकलो! आता ताबा केव्हा?

इथे पुष्कळांचा चेहरा उतरतो. हुकूमनामा समोरच्याने आपण होऊन पाळला नाही तर दरखास्त लावावी लागते, म्हणजे नवा नंबर, नव्या नोटिसा, नव्या तारखा. हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. अजून रांग आहे.

पैशाची दरखास्त असेल तर पगार, बँक खातं, जमीन यांवर जप्ती येते. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही, हे आधीच गणित करून ठेवा. ताब्याची असेल तर बेलीफ जातो, गरज पडल्यास पोलीस बंदोबस्तात. जागेवर एखादा पुतण्या उभा राहतो आणि म्हणतो, "माझा स्वतंत्र हक्क आहे." त्याची हरकत ऐकून निकाली काढावी लागते. दरखास्तीला बारा वर्षं मुदत आहे, पण "हे बांधकाम पाडा" अशा आज्ञार्थी मनाईच्या दरखास्तीला तीनच. हा फरक माहीत नसल्याने जिंकलेले लोक हरलेत.

आणि हरलो तर?

जिल्हा न्यायालयात अपील तीस दिवसांत, उच्च न्यायालयात नव्वद. नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनामा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. दुसरं अपील उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. मुंबईची एसटी आणि एक मुक्काम वाचला.

कोर्टात मराठी चालतं ना?

कनिष्ठ न्यायालयांत १९९८ पासून अधिकृतपणे. दावा, कैफियत, जबानी, निकाल, सगळं मराठीत होऊ शकतं. उच्च न्यायालयात इंग्रजी, तिथे जबान्यांची भाषांतरं लागतात.

मुलीला वकिली करायचीय. दिवाणीत काही भविष्य आहे का?

पदवी, सनद, बार कौन्सिलची परीक्षा, हे होईल. त्यानंतरची चार-पाच वर्षं घरच्यांनी धीर धरायची. ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलेलं नाही. तालुक्याच्या कोर्टात पेट्रोलपुरते मिळाले तरी सिनिअर दिलदार म्हणायचा, आणि ही लाजेची गोष्ट आहे असं मी आमच्या बाररूममध्ये बोलून काहींचा रोष घेतलाय.

काम काय असतं? सकाळी बोर्ड बघून फायली लावायच्या, तीन कोर्टांत पळत "सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर द्यावा", म्हणजे काम थोड्या वेळाने घ्यावं, असं म्हणायचं, नकला काढायच्या, कोर्टातल्या नाझरकडे पैसे भरायचे, शिरस्तेदारांशी गोड बोलून निशाणी पडली का ते बघायचं. संध्याकाळी सहा ते रात्री दहा ऑफिस, पक्षकार, टायपिंग. शनिवार-रविवार वाचन. मे महिन्याची सुट्टी म्हणजे राहिलेले दावे लिहायचा महिना. उन्हाळ्यात जिल्हा कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, तेवढीच हवा.

मुलींना एक जास्तीची अडचण येते : पक्षकार "मॅडम, साहेब कधी येणार?" विचारतो, मॅडमनेच त्याचा दावा लिहिलेला असला तरी. पहिला चांगला उलटतपास झाला की हे विचारणं थांबतं. फौजदारीत नाव लवकर होतं, दिवाणीत उशिरा. पण चिकाटीने जुने कागद वाचायची आवड असेल तर तिने दिवाणीतच यावं.

दावा चालू असताना वडील वारले. आता?

दुःख समजतो, पण वकिलाला त्याच आठवड्यात कळवा. वारसांची नावं नव्वद दिवसांत लावावी लागतात, नाहीतर त्यांच्यापुरता दावा संपतो. मग साठ दिवसांत माफीचा अर्ज. समोरचा पक्षकार वारला तरी हेच, म्हणून गावातली बातमी आम्हाला सांगत जा. आम्हाला कुणी पत्रिका पाठवत नाही.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

सगळे कागद, मूळ असतील तर मूळ, आणि त्यांच्या झेरॉक्स. आधी कुठे दावा, अपील, तहसीलची केस झाली असेल तर तिचा निकाल, हरलेला असला तरी. आधार कार्ड. वंशावळ हाताने लिहून, मृत माणसांच्या मृत्यूच्या सालासह. आलेल्या नोटिशीचं पाकीटसुद्धा, कारण त्यावर पोस्टाची तारीख असते. आणि कुणाला सही केलेला कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प दिला असेल तर ते त्याच भेटीत सांगा. समोरच्याच्या कैफियतीतून मला कळायला नको.